खुब्याचं रिसरफेसिंग: सांगली-मिरजेतून सर्जन कसा निवडायचा

सांगली-मिरजेत हाडांच्या डॉक्टरांना तोटा नाही. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून उभं आहे. स्टेशनपासून कुठल्याही रस्त्याला लागलात तरी ‘ऑर्थोपेडिक’ लिहिलेली पाटी दिसते, आणि कर्नाटकातले पेशंटही इथेच येतात. पण खुब्याचा बॉल बदलणारे सर्जन पुष्कळ आहेत, तर बॉल जागेवर ठेवून त्याच्यावर धातूची टोपी बसवणारे अगदी मोजके. हा लेख त्या मोजक्यांतून एक निवडण्याविषयी आहे. अनेकांच्या बाबतीत उत्तर ‘साधं हिप रिप्लेसमेंटच करा’ असं येतं, आणि तसं आलं तर ते बिनदिक्कत मान्य करावं.

फरक थोडक्यात असा. टोटल हिपमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा मानेपासून, म्हणजे गोळ्याखालच्या अरुंद भागापासून, कापून काढतात आणि हाडाच्या पोकळीत दांडा ठोकतात. रिसरफेसिंगमध्ये गोळा कापत नाहीत. तो चारी बाजूंनी तासतात, त्यावर सिमेंट लावून धातूची टोपी बसवतात आणि समोरच्या वाटीत धातूचाच कप घट्ट बसवतात. दोन्ही भाग कोबाल्ट-क्रोमियमचे असतात. धातूवर धातू घासला जातो, आणि पुढचे बहुतेक प्रश्न तिथूनच सुरू होतात.

१. डॉक्टर शोधण्याआधी स्वतःला चाळणी लावा

‘मला रिसरफेसिंगच करायचंय’ असं ठरवून डॉक्टर शोधायला निघालात, तर ‘करून टाकू’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच. म्हणून आधी आपण या ऑपरेशनमध्ये बसतो का ते पाहा.

साधारण बसणारा पेशंट असा असतो: पुरुष, वय साठीच्या आत, सांधा झिजलेला पण हाड दणकट, किडन्या ठीक, आणि अंगमेहनतीचं किंवा धावपळीचं आयुष्य. तालमीत जोर काढणारा, द्राक्षबागेत दिवसभर उठबस करणारा, सातारा हिल हाफ मॅरेथॉनला दरवर्षी नाव घालणारा. अशा माणसाला याचा खरा फायदा होतो. हाड शिल्लक राहतं, गोळा मोठा असल्यामुळे सांधा सहसा निखळत नाही, आणि पुढेमागे टोटल हिप करायची वेळ आली तर मांडीच्या बाजूचं काम सोपं जातं.

न बसणारे असे:

- बहुतेक स्त्रिया. त्यांच्या हाडाचा गोळा लहान असतो आणि लहान मापात धातूची झीज जास्त होते. बर्मिंगहॅम हिप या सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या इम्प्लांटची ४६ मिलिमीटर आणि त्याखालची मापं कंपनीने २०१५ मध्ये बाजारातून काढली आणि स्त्रियांसाठी ते वापरू नये असं जाहीर केलं. मूल व्हायचं असेल तर धातूवर धातूचा सांधा नकोच, कारण रक्तातला धातू वारेतून बाळापर्यंत पोचतो.
- किडनीचा आजार असलेले. कोबाल्ट आणि क्रोमियम शरीराबाहेर जातात ते लघवीतून. गाळणीच बिघडलेली असेल तर धातू रक्तात साचत जातो.
- हाडं ठिसूळ झालेले.
- कृत्रिम दागिना किंवा घड्याळाचा पट्टा अंगावर उठतो, असे लोक. धातूच्या ॲलर्जीची गोष्ट डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं धरू नका.
- एव्हीएनमध्ये गोळ्याचा मोठा भाग मेलेले.

एव्हीएनबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तिशी-चाळिशीत खुबा दुखायला लागलेले आपल्याकडचे कितीतरी पेशंट याचेच असतात. रक्तपुरवठा तुटल्यामुळे गोळ्याचं हाड मरतं. दारू आणि स्टेरॉइड ही त्याची दोन मोठी कारणं. करोनाच्या काळात स्टेरॉइड घेतलेल्यांमध्ये हे दिसलं. ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्येही स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, तेव्हा अशा पुड्या घेतल्या असतील तर न लाजता सांगा. टोपी मेलेल्या हाडावर बसवली तर ती ओल्या मातीत रोवलेल्या खांबासारखी डुगडुगते. मेलेला भाग लहान आणि वरच्यावर असेल तर काही सर्जन रिसरफेसिंग करतात. तो भाग किती आहे हे एमआरआय पाहिल्यावरच कळतं, साध्या एक्स-रेवरून नाही.

२. फाइल तयार करा

पहिल्या भेटीला फाइल पूर्ण असेल तर एका फेरीचं काम एका फेरीत होतं, नाहीतर पुण्याला तीन चकरा. सोबत हे ठेवा:

- दोन्ही खुबे एकत्र दिसणारा, उभं राहून समोरून काढलेला एक्स-रे आणि दुखऱ्या बाजूचा कडेने काढलेला एक्स-रे. तीन महिन्यांपेक्षा जुने नकोत.
- एक्स-रेची सीडी किंवा पेनड्राइव्ह. खिडकीच्या उजेडात फिल्म धरून काढलेल्या व्हॉट्सॲप फोटोवरून माप काढता येत नाही. एक्स-रे काढतानाच ‘मापासाठी मार्कर ठेवा’ असं सांगा. ठरावीक आकाराचा धातूचा गोळा शेजारी ठेवतात, त्यावरून हाडाचा खरा आकार कळतो.
- एव्हीएनची शंका असेल तर एमआरआय.
- डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी. शिबिरात टाचेवर यंत्र लावून करतात ती नव्हे, कमर आणि खुब्याची.
- रक्त: क्रिएटिनिन आणि ईजीएफआर, एचबीए१सी, हिमोग्लोबिन, सीआरपी, ईएसआर, व्हिटॅमिन डी.
- चालू औषधांच्या चिठ्ठ्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तिचं नाव ठळक लिहून ठेवा.
- आधीच्या सगळ्या डॉक्टरांचे कागद, तारखेनुसार लावलेले.

एका कागदावर आपल्या दिवसाचं वर्णनही लिहून न्या. किती वेळ चालता, जमिनीवर बसता का, भारतीय संडास वापरता का, मोटरसायकलला डावीकडून टांग टाकता येते का, रात्री कुशीवर वळताना जाग येते का. ‘खूप दुखतंय’ या दोन शब्दांपेक्षा डॉक्टरला याचा उपयोग जास्त होतो.

३. नावं कुठून मिळवायची

सांगली, मिरज, कऱ्हाड आणि कोल्हापूर इथल्या हिपच्या सर्जनांपासून सुरुवात करा. त्यांना ‘तुम्ही करता का’ असं विचारू नका. ‘तुमच्या भावाला करायचं असतं तर कुणाकडे पाठवलं असतं?’ असं विचारा. हिपचं काम रोज करणाऱ्या सर्जनला या क्षेत्रात कोण चांगलं हे माहीत असतं, आणि स्वतः रिसरफेसिंग न करणाऱ्याला नाव सांगताना काही गमवायचं नसतं. बहुतेक वेळा सल्ला पुणे, मुंबई किंवा दक्षिणेतल्या एखाद्या मोठ्या केंद्राचा मिळेल. एवढ्या लांब जायचं दडपण घेऊ नका, हे ऑपरेशन आयुष्यात एकदाच करायचं असतं.

नाव मिळालं की महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणी तपासा. नोंदणी क्रमांक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असायलाच हवा, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. एम.एस. किंवा डी.एन.बी. ऑर्थो ही मूळ पदवी. पुढे ‘फेलोशिप’ची भली मोठी रांग असेल तर कुठे आणि किती काळ एवढंच विचारा. चार दिवसांची कार्यशाळा आणि वर्षभर मोठ्या सर्जनच्या हाताखाली काढलेले दिवस, दोन्ही पाटीवर सारख्याच अक्षरात दिसतात.

गावातला कुणी मध्यस्थ ‘माझ्या ओळखीनं जा, सगळं बघतो’ म्हणत असेल तर त्याला चहा पाजा आणि वेगळ्या वाटेने जा. कट प्रॅक्टिस म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. मोफत शिबिरातून थेट ऑपरेशनची तारीख मिळाली, तरी तारीख घेऊन घरी या आणि पुढच्या पायऱ्या पार केल्याशिवाय ॲडव्हान्स भरू नका.

४. केबिनमध्ये विचारायचे प्रश्न

भेट दहा-पंधरा मिनिटांची असते. प्रश्न कागदावर लिहून न्या आणि सोबत असा एक माणूस घ्या जो फक्त ऐकेल आणि लिहील. घरातला सगळ्यात हळवा माणूस या कामाला नको.

‘डॉक्टर, तुम्ही वर्षाला किती रिसरफेसिंग करता? शेवटचं कधी केलंत?’ हा पहिला प्रश्न. ‘हिपची हजारो केलीत’ हे त्याचं उत्तर नव्हे. टोटल हिपचे हजार आणि रिसरफेसिंगचे दहा, असं सर्रास असतं. हा प्रश्न पहिला ठेवण्यामागे कारण आहे. गोळा कापायचा नसल्यामुळे तो सर्जनच्या वाटेत आडवा येतो आणि त्याला बाजूला सारून मागची वाटी दिसायला हवी असते. हात बसायला बरीच ऑपरेशनं करावी लागतात. जिथे हे ऑपरेशन क्वचित होतं तिथे पुन्हा ऑपरेशन करायची पाळी जास्त येते, हे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधेरोपण नोंदवहीतून दिसलेलं आहे. महिन्याला दोन-चार करणाऱ्या हाताला आणि वर्षातून एखादं करणाऱ्या हाताला एकाच तराजूत घालू नका.

‘तुमच्या किती पेशंटना पुन्हा ऑपरेशन लागलं, आणि कशामुळे?’ हा दुसरा. ‘एकालाही नाही’ असं उत्तर आलं तर दोन शक्यता आहेत: केसेसच फार थोड्या आहेत, किंवा पेशंट परत कुठे गेले याचा पत्ता नाही. जो सर्जन ‘दोघांची मान मोडली, एकाच्या रक्तात कोबाल्ट वाढला म्हणून सांधा बदलला’ असं मोजून सांगतो, त्याच्याकडे वही असते. सर्जन इंडियन सोसायटी ऑफ हिप अँड नी सर्जन्सच्या नोंदवहीत केसेस भरतो का, तेही विचारा. भारतात ती ऐच्छिक आहे, त्यामुळे भरत असेल तर ते लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मान मोडण्याचा उल्लेख आलाच आहे, तर ती का मोडते ते समजून घ्या, म्हणजे पुढचा प्रश्न नीट विचारता येईल. गोळा तासायला पोकळ नळीसारखं रीमर वापरतात. आधी मानेच्या मधोमध एक तार घालतात आणि रीमर त्या तारेवरून फिरतं. तार थोडी जरी खाली सरकली तरी रीमरची कड मानेच्या वरच्या कडेला खाच पाडते. खाच पडलेली मान भार आल्यावर तिथेच तडकते, आणि तेही बहुधा पहिल्या काही महिन्यांतच. टोपी आत कलती बसली, सिमेंट गरजेपेक्षा जास्त आत घुसून उष्णतेनं हाड मेलं किंवा हाड आधीच ठिसूळ असलं तरी तोच परिणाम. म्हणून विचारा: ‘मानेला खाच पडू नये म्हणून तुम्ही काय करता?’ उत्तरातला सगळा तपशील कळला नाही तरी चालेल. डॉक्टर हातात पेन घेऊन चित्र काढतात, की ‘ते आमच्यावर सोडा’ म्हणतात, एवढं पाहा.

‘हाड उघडल्यावर कच्चं निघालं तर?’ रिसरफेसिंग ठरलेलं असलं तरी ऑपरेशन थिएटरात टोटल हिपचा पूर्ण संच तयार हवा, आणि संमतीपत्रावर दोन्ही ऑपरेशनांची नावं हवीत. ते नसेल तर कच्च्या हाडावरही टोपीच बसवली जाण्याचा मोह होतो.

‘सुरी कुणाच्या हातात असेल?’ मोठ्या केंद्रांत शिकणारे फेलो असतात. ते असणं वाईट नाही, पण टोपी आणि कप कोण बसवणार हे नावानिशी ऐकून घ्या.

‘चिरा केवढा?’ इथे उलटं ऐकायची तयारी ठेवा. रिसरफेसिंगमध्ये चिरा टोटल हिपपेक्षा लांब असतो, कारण गोळा जागेवर आहे आणि त्याच्या मागचं बघायचंय. ‘छोट्या चिऱ्याचं रिसरफेसिंग’ अशी जाहिरात दिसली तर ती पेशंटसाठी आहे, सांध्यासाठी नाही.

शेवटी विचारा: ‘माझ्यासाठी टोटल हिप चांगलं का नाही?’ आजचं टोटल हिप, म्हणजे सिरॅमिकचा गोळा आणि सुधारित प्लास्टिकचा कप, बहुतेकांना पंधरा-वीस वर्षं आणि त्याहूनही जास्त साथ देतं. हे मान्य करून मग ‘तरीही तुमच्या बाबतीत या दोन कारणांनी रिसरफेसिंग’ असं सांगणारा सर्जन यादीत वर ठेवा. ‘तुम्हाला हे नको’ असं तोंडावर सांगणारा त्याच्याही वर.

५. कोनमापक घेऊन एक्स-रे वाचा

आधी केलेल्या रिसरफेसिंगचे दोन-तीन एक्स-रे, पेशंटचं नाव झाकून, दाखवायची विनंती करा. चांगले सर्जन हे आनंदाने दाखवतात. पाहायचं ते असं.

समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये खाली दोन्ही बाजूंना बसायच्या हाडांचे गोलसर टोक दिसतात. त्या दोन टोकांना जोडणारी आडवी रेघ मनात ओढा. आता धातूच्या कपाची वरची बाहेरची कड आणि खालची आतली कड जोडणारी दुसरी रेघ ओढा. या दोन रेघांमधला कोन साधारण ४० ते ४५ अंश असावा. घरी फिल्म असेल तर तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने रेघा मारता येतात. मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. सीडी असेल तर बहुतेक व्ह्युअरमध्ये कोन मोजायचं बटन असतं. पेशंट वाकडा झोपला असेल तर दोन-चार अंश इकडेतिकडे होतात, तेव्हा ४७ वरून भांडू नका. पण कोन ५०-५५ च्या पुढे दिसला तर प्रश्न विचारा.

एवढं महत्त्व का, तर कप जास्त उभा बसला की गोळा त्याच्या मध्यावर न टेकता कडेवर टेकतो. कडेवर वंगणाचा थर टिकत नाही, धातू धातूला खरवडतो आणि कोबाल्ट-क्रोमियमचे बारीक कण सांध्यात आणि रक्तात जातात. आजूबाजूचं मांस त्याने सुजतं, गाठ होते, स्नायू मरतात. इम्प्लांट कितीही चांगला असला तरी कोन चुकला की हे होतं, म्हणून निम्मी निवड हाताची आहे.

दुसरी नजर टोपीच्या आतल्या पिनवर टाका. ती मानेच्या रेषेत किंवा थोडी जास्त उभी असावी. आडवी पडलेली, मानेच्या रेषेखाली कललेली पिन चांगली नव्हे.

६. इम्प्लांटचं नाव लिहून घ्या

‘इम्पोर्टेड, एक नंबर’ हे नाव नव्हे. कंपनी, मॉडेल आणि अंदाजे माप लेखी हवं. यामागे मोठा इतिहास आहे. बर्मिंगहॅम हिप १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये डेरेक मॅकमिन आणि रोनन ट्रेसी यांनी आणला, आणि योग्य निवडलेल्या पुरुषांमध्ये त्याचे दीर्घकाळाचे निकाल चांगले आले. त्याच कल्पनेवरचा दुसरा इम्प्लांट, डिप्यू कंपनीचा एएसआर, ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवावा लागला. त्याचा कप उथळ होता, त्यामुळे कोन थोडा चुकला तरी गोळा कडेवर जायचा. भारतातही हजारो लोकांना तो बसवला गेला होता. केंद्र सरकारने समिती नेमली आणि २०१८ मध्ये ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंत भरपाईचं सूत्र ठरलं. २०१० च्या आधी धातूवर धातूचा सांधा बसवलेलं कुणी नात्यात असेल तर त्यांचे जुने कागद काढून मॉडेल पाहा आणि रक्त तपासून घ्या, दुखत नसलं तरी.

इम्प्लांट निवडताना कसोटी एकच: दहा वर्षांचा निकाल. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१४ मध्ये ठरवलं की दहा वर्षांत शंभरातल्या पाचांपेक्षा जास्त पेशंटना पुन्हा ऑपरेशन लागत असेल तर तो सांधा वापरू नये. तिथली ओडेप समिती इम्प्लांटना श्रेणी देते. ‘१०ए*’ म्हणजे दहा वर्षांचा पुरावा भक्कम. आपल्या डॉक्टरांना ‘याची ओडेप श्रेणी काय?’ असं विचारलंत तर ते चमकून बघतील, पण उत्तर देतील. सिरॅमिकवर सिरॅमिकचं रिसरफेसिंगही आता आलं आहे. धातूचा प्रश्न त्यात उरत नाही, पण त्याचा पुरावा अजून कोवळा आहे.

मापाचा प्रश्नही इथेच सोडवा. तुमचा गोळा ४८ मिलिमीटरच्या खाली भरत असेल तर विचार थांबवा.

७. दुसरं मत

एक मत रिसरफेसिंग करणाऱ्याचं घ्या आणि एक फक्त टोटल हिप करणाऱ्याचं. ज्याच्या दुकानात जे आहे तेच तो दाखवणार, हे दोघांनाही लागू आहे. दुसऱ्याला पहिल्याचं मत आधी सांगू नका. फाइल द्या, गप्प बसा, त्यांचं बोलून झालं की मग सांगा. दोघांचं जुळलं तर पुढे जा. नाही जुळलं तर नेमकं कुठल्या मुद्द्यावर फाटलं ते पकडा: हाडाची घनता, एव्हीएनचा आकार, की गोळ्याचं माप? यातलं बरंचसं पुन्हा मोजता येतं.

८. व्हिजिटिंग सर्जन आणि हॉस्पिटल

मोठ्या शहरातले सर्जन महिन्यातून एखादा दिवस येऊन सांगली-मिरजेत ऑपरेशनं करतात. सोयीचं असतं, घरचा डबा पोचतो, खर्च कमी येतो. पण रविवारी दुपारी ऑपरेशन आणि संध्याकाळी डॉक्टर हायवेला, अशी रीत असेल तर तीन गोष्टी लेखी नाही तरी स्पष्ट ठरवा. रात्री दोन वाजता पाय सुजला, ताप आला किंवा रक्त वाहिलं तर कोण येणार? त्या माणसाला हिपचं काम येतं का? आणि सहा आठवड्यांनी, वर्षाने तपासणी कुठे? ‘फोनवर आहे मी’ एवढंच उत्तर असेल तर या ऑपरेशनसाठी ते पुरेसं नाही.

थिएटरमध्ये सांधेरोपणासाठी वेगळी, शुद्ध हवेची सोय आहे का, त्याच दिवशी त्याच टेबलावर पू भरलेल्या जखमेचं काम होतं का, आयसीयू आणि रक्तपेढी जवळ आहे का, हे नर्सिंग स्टाफला विचारलं तरी कळतं. रिसरफेसिंगच्या सर्व मापांचे ट्रे आणि त्यांची खास हत्यारं कंपनीचा माणूस आदल्या दिवशी आणतो. तो संच पूर्ण आला आहे याची खात्री करायला सांगा. मधलं एक माप नाही म्हणून शेजारचं बसवणं, असं व्हायला नको.

बाहेरगावी करणार असाल तर परतीचा विचार आत्ताच करा. पुण्याहून सांगली सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर पडते, वाटेत खंबाटकी. मोठी, उंच सीटची गाडी ठरवा, दर तासाला थांबून चार पावलं चाला. एसटी किंवा स्लीपर कोच पहिल्या महिन्यात नको.

९. पैसे

अंदाजपत्रक तुकड्यांत मागा: इम्प्लांट, सर्जनची फी, भूल, थिएटर, खोली, औषधं, रक्त, फिजिओथेरपी. ‘पॅकेज’ या एका शब्दात इम्प्लांटचं मॉडेल गायब होतं. गुडघ्याच्या इम्प्लांटवर २०१७ पासून सरकारने कमाल किंमत ठरवली आहे. तीच सवलत खुब्याला आहे असं समजून बसू नका, खोक्यावरची एमआरपी आणि बिलातला आकडा ताडून पाहा.

विमा असेल तर आधी प्रतीक्षा काळ बघा. सांधेरोपणासाठी बहुतेक पॉलिसींत तो असतो. मंजुरीच्या अर्जात ‘हिप रिसरफेसिंग’ हाच शब्द असावा, आणि थिएटरात टोटल हिप करावं लागलं तर काय हेही टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे पाहणाऱ्या संस्थेला, विचारून ठेवा. खोलीच्या भाड्याची मर्यादा ओलांडली की डॉक्टरांच्या फीसकट बरंच काही प्रमाणात कापलं जाऊ शकतं, हा फटका अनेकांना बिल हातात पडल्यावर कळतो.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ‘हिप रिप्लेसमेंट बसतं’ याचा अर्थ रिसरफेसिंग बसतं असा नाही. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे नेमकं नाव सांगून तपासा. माजी सैनिकांनी, आणि सातारा जिल्ह्यात ते घरोघरी आहेत, ईसीएचएस पॉलिक्लिनिकचं रेफरल आधी घ्यावं. आधी ऑपरेशन आणि मग कागद, असं केलं तर हेलपाटे ठरलेले.

१०. तारीख ठरल्यानंतर

तंबाखू, मशेरी, गुटखा, विडी निदान सहा आठवडे आधी बंद. हाड भरायला आणि जखम सुकायला याने खरंच फरक पडतो. साखर आटोक्यात आणा. किडलेला दात आधी काढून घ्या. शेतात पाणी पाजणाऱ्यांनी पायाच्या बोटांतल्या चिखल्या आणि टाचांच्या भेगा आधी बऱ्या कराव्यात, जंतू तिथूनही सांध्यापर्यंत पोचतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घरी पायाची दाढी करू नका, ब्लेडचे ओरखडे नकोत. घरी कमोडची खुर्ची आणा आणि पलंग गुडघ्याइतका उंच करा. मांडी घालणं, उकिडवं बसणं कधीपासून चालेल हे सर्जनप्रमाणे बदलतं, ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. पळणं आणि कुस्ती सहा महिने ते वर्षभर नाही.

११. तपासणी आणि कागद

सहा आठवडे, एक वर्ष आणि मग ठरलेल्या अंतराने एक्स-रे. एक वर्षाने रक्तातला कोबाल्ट आणि क्रोमियम. ही तपासणी रोजच्या पॅनेलमध्ये नसते, नमुना बाहेर जातो. लॅबला आधीच ‘ट्रेस एलिमेंटची ट्यूब आहे का’ विचारा, कारण साध्या ट्यूबने आकडा बिघडतो. स्टीलच्या सुईतूनही क्रोमियम उतरतं, म्हणून पहिलं थोडं रक्त टाकून देऊन दुसरं घेतात. प्रति लिटर ७ मायक्रोग्रॅमच्या वर, म्हणजे ७ पीपीबीच्या वर आकडा गेला तर ब्रिटनमधल्या नियमानुसार पुढची तपासणी लागते: सोनोग्राफी किंवा धातूची सावली कमी करणारा मार्स एमआरआय. रिपोर्ट नॅनोमोलमध्ये आला तर घाबरू नका. कोबाल्टचे ११९ आणि क्रोमियमचे १३४.५ नॅनोमोल म्हणजे तेच ७ मायक्रोग्रॅम.

इम्प्लांटच्या खोक्यावर चिकटवायची लेबलं असतात, त्यावर मॉडेल, माप आणि लॉट क्रमांक छापलेला असतो. टोपीचं एक, कपाचं एक. एक जोडी हॉस्पिटलच्या केसपेपरवर जाते, दुसरी तुमच्या डिस्चार्ज कार्डवर चिकटवून मागा. केसपेपर हॉस्पिटलने तीन वर्षं सांभाळायचे असा नियम आहे, सांधा त्याहून कितीतरी जास्त चालायचा असतो. अर्ज दिला तर ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात, तेव्हा घरी जायच्या आधीच ऑपरेशन नोट्सची प्रत घ्या. लेबलाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि मूळ कार्ड सातबाऱ्याच्या फाइलमध्ये.